गळका सांधा

वहीत पै-पैचा जमाखर्च मांडणाऱ्या व्यापाऱ्याचेही नळाच्या सांध्यातून गळणाऱ्या थेंबाकडे दुर्लक्ष होते. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी वाया जाते. सांधा भिंतीत असल्यास ओल खालच्या दुकानातील मालापर्यंत उतरते.

गळती दिसताच पान्याने सांधा आणखी आवळण्याचा मोह होतो. परंतु आटे कितीही घट्ट बसले तरी त्यांच्यामध्ये पाण्याला बारीक वाट उरतेच. ती बुजवावी लागते. केवळ जोर लावल्याने प्लास्टिकचा सांधा तडकतो. म्हणून मुख्य कॉक बंद करून सांधा पूर्ण उघडावा. जुने सूत व सफेदा ब्रशने खरवडून आटे कोरडे करावेत. पाइपच्या तोंडाकडून पाहत टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, किंचित ताणून द्यावेत. मग सांधा बेताने आवळावा. आवळल्यावर तो मागे फिरवू नये. टेपची पकड सुटते.

संसारातील आणि भागीदारीतील सांधेही असेच असतात. कुरबुर सुरू झाली की माणूस धाक वाढवतो. उघडून, साफ करून पुन्हा जोडण्यास वेळ लागतो. पण तोच सांधा टिकतो.