चहाचं झाड (गवती नव्हे!)

कोल्हापुरात कुणालाही सांगून बघा, "आमच्याकडे चहाचं झाड आहे." उत्तर ठरलेलं. "हाय की आमच्याकडंबी, परसात, मोरीच्या पाण्यावर." तो गवती चहा. ते गवत आहे, त्याचा आणि चहाचा संबंध फक्त पातेल्यात येतो. मी म्हणतोय तो खराखुरा चहा, आपण गूळ घालून बशीत ओतून पितो तो. शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. परदेशी बागांमध्ये गुलाबासारखी फुलणारी जी कॅमेलिया असते, तिचा हा सख्खा भाऊ. खानदानाचं नाव लिनियसनं जॉर्ज कामेल नावाच्या एका जेझुइट मिशनऱ्यावरून ठेवलं. म्हणजे आपण रोज सकाळी त्या कामेलसाहेबांना उकळतो. असो.

तर आमच्या आजोळी, पन्हाळ्यावर, असं एक झाड होतं. आजीनं उटीच्या सहलीहून रोप आणलं होतं, डब्यात, मांडीवर ठेवून. नंतर कुणी छाटलं नाही त्यामुळे झुडूप न राहता चांगलं डोक्याच्या वर गेलं. हिवाळ्यात पांढरी फुलं यायची, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. आजीनं त्याची पानं कधी खुडली नाहीत. चहा ती दुकानातलाच प्यायची!

यंदा पाडव्याला मामानं घराचा विसार घेतला. खरेदीखत दिवाळीनंतर. घेणाऱ्यांना तिथे लॉज बांधायचंय आणि झाडाच्या जागी गाड्या लागणार. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, जागा त्यांची. मी मामाला म्हटलं, झाड मी नेतो. मामा म्हणाला, "न्हाय जगायचं रं त्ये. मूळ पार जांभ्यात गेलंय."

मामाचं बरोबर होतं. चहाचं सोटमूळ खोल जातं आणि एवढं जुनं झाड मुळासकट उपटून जगवणं जवळपास अशक्य. मग बी? चहाचं झाड सहसा स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, त्याला शेजारी दुसरं झाड लागतं. आजीचं झाड एकटंच. बी मिळालं असतं तरी ते दोन झाडांचं मर्ज झालेलं नवीनच काहीतरी निघालं असतं. जसंच्या तसं हवं असेल तर एकच रस्ता, छाट कलम. आमच्या भाषेत क्लोन.

चहाचं छाट कलम म्हणजे एक पान. खरंच, एकच पान, त्याच्या बेचक्यातला डोळा आणि खाली तीन-चार सेंटिमीटर काडी. मोठ्या मळ्यांची लाखो रोपं अशीच तयार होतात. काडी मात्र बेताची लागते. शेंड्याकडची कोवळी कुजते, बुडाकडची तपकिरी मुळं धरत नाही. मधली, हिरवी पण दाबल्यावर न वाकणारी, ती घ्यायची. जुन्या झाडावर अशा काड्या नसतातच, म्हणून एप्रिलमध्ये ते कमरेइतकं छाटलं. मामी म्हणाली, जायच्या आधी बिचाऱ्याला कशाला बोडकं करतोस! ऑगस्टअखेर त्यावर नवे धुमारे तयार होते.

आता माती. इथे माझ्यातला इंजिनीयर खूश होतो. चहाला आंबट जमीन लागते, सामू साडेचार ते साडेपाच. कोल्हापूर शहरातली नदीकाठची काळी माती उसाला सोनं, पण चहाला नकोशी. पन्हाळ्याचा जांभा मात्र जमतो. आणि गंमत म्हणजे चहाला ॲल्युमिनियम चालतं, नुसतं चालतं नाही तर जुन्या पानांत तो ते साठवून ठेवतो. इतर बरीचशी पिकं त्यानं आजारी पडतात. आपल्या जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर बॉक्साइट आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचंच खनिज.

म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळा-भुदरगड भागात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले ते हवेत नव्हते. मग मळे का टिकले नाहीत? माझा अंदाज पावसावर आहे. गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पण सगळा चार महिन्यांत. चहाला तोच थोडा थोडा वर्षभर हवा असतो. नीलगिरीला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, आपल्याकडे नोव्हेंबर ते मे ठणठणाट. महाराजांचा चहा खरा रुजला तो दुसरीकडे. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातल्या माणसाला त्यांनी शहरात हॉटेल काढून दिलं आणि तिथे स्वतः थांबून चहा प्यायले. त्या काळी तो कप केवढा जड होता, याची कल्पना आज कॅफेत बसून येत नाही.

पुन्हा कलमांकडे. चाळीस पिशव्या भरल्या. खाली माती-वाळू, वरचे सात-आठ सेंटिमीटर जमिनीच्या पोटातली जांभी माती, शेणखत अजिबात नाही. खतानं बुरशी येते, शिवाय मूळ फुटायच्या आधी खायला घालून उपयोग काय? वर प्लास्टिकचा तंबू, त्यावर हिरवी शेडनेट. पाणी पावसाचं, कॅनमध्ये साठवलेलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यानं सामू चढतो आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात.

यात एक फसवणारी गोष्ट आहे. चार आठवड्यांत डोळा फुटतो, इवलं पान येतं आणि आपण घरभर नाचतो. पण ते पान काडीतल्या शिदोरीवर येतं. खाली आधी पांढरट गाठ धरते, मुळं नंतर, दहा-बारा आठवड्यांनी. तोवर हिरवं दिसतंय म्हणजे जगलंय असं नाही. (आमच्या प्रोजेक्टच्या डॅशबोर्डसारखंच.)

बायकोनं विचारलं, "हे आजीचंच झाड का त्याची कॉपी?" मी तिला गॅलरीतली लाल कॅमेलिया दाखवली. तीन वर्षांपूर्वी कालिम्पाँगहून मागवलेली. तिचं काही विचारू नका, जानेवारीत दोन फुलं देते आणि ऊन तापलं की उरलेल्या कळ्या टपाटप गाळते. कोल्हापूर तिला मानवत नाही, हे आता मी मान्य केलंय. पण शोभेच्या कॅमेलियांत अगदी भरगच्च पाकळ्यांच्या ज्या जाती आहेत, त्यांत केसरच उरलेले नसतात. बी नाही. 'अल्बा प्लेना' नावाची पांढरी जात १७९२ मध्ये चीनहून जहाजानं इंग्लंडला गेली. आज जगभर ती आहे, आणि प्रत्येक रोप हे कुणाच्या तरी फांदीवरून कलम केलेलं, गुटी बांधलेलं. एकच झाड, हातोहात चाललेलं. मग कॉपी कुठली आणि मूळ कुठलं? बायको म्हणाली, "म्हणजे तुला माहीत नाही."

खरेदीखत झालं. किल्ल्या देऊन आलो. त्या आठवड्यात पिशव्या तपासल्या. नऊ कुजली, सहा नुसती गाठ धरून बसलीत, पंचवीस मुळावर आहेत. अजून वर्षभर पिशवीतच राहतील, हळूहळू सावली कमी करायची, मग पुढच्या पावसाळ्यात जमिनीत. गगनबावड्याच्या वाटेवर एका मित्राचं रान आहे, तो दहा घेतो म्हणालाय.

परवा मामाचा फोन. नव्या फ्लॅटची बाल्कनी पूर्वेला आहे, एक रोप ठेव म्हणाला. "खरं हितं बोअरचंच पाणी हाय बघ." त्याला दोन कॅन पावसाचं पाणी पोचवायचंय, रविवारी.