धोबीतलावची कूड

मुंबईत धोबीतलावला जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. गोव्यातील अनेक गावांनी तेथे आपापली ‘कूड’ थाटली आहे. कूड म्हणजे खोली. भिंतीलगत खलाशांच्या पेट्या, समोर वेदी. सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावयाची, हा जुना दंडक. वाचकहो, आपल्यापैकी कितीकांचे आजे या पेट्यांशेजारी निजले असतील!

ते येथे का आले? पणजीस १८५४ साली लिसेयू निघाले. तेथे मुख्यतः सधन घरचे पुत्र शिकले. मुंडकाराच्या मुलाची विद्या बहुधा चर्चच्या शाळेत, गायन व व्हायोलिनपाशीच संपे. म्हणून तो बँडवाला, आचारी किंवा बोटीवरचा बटलर झाला. १९६१ नंतर गावोगाव शाळा उघडल्या, १९८५ साली विद्यापीठही झाले. तरीही परवा कुडीत आम्हांस एक पदवीधर तरुण भेटला. बोटीच्या बोलावण्यासाठी तो तीन महिने थांबला होता. “फादर, घरी बसलो तर आईला रिकामा दिसतो, येथे निदान वाट पाहतो आहे असे म्हणता येते.” या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो.

त्याचा चुलतभाऊ पोर्तुगीज पारपत्रावर सहकुटुंब इंग्लंडात, स्विंडनला गेला. २०२१ पासून नव्याने जाणाऱ्यास व्हिसा लागतो. कुडीतले खलाशी फेस्ताला गावी परतत; त्या भावाच्या घराला मात्र कुलूप आहे.