जुळा क्रमांक

मार्चअखेर. कांद्याचे लिलाव बंद, त्यामुळे आडतीवर फक्त हिशेब. देवळ्यातल्या एका आडतीचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी चुकून पुसली गेली होती. एलव्हीएमचा रात्रीचा स्नॅपशॉट होता, म्हणून निर्धास्त होतो. माउंट करायला गेलो तर एक्सएफएस या फाइलसिस्टिमने नकार दिला: हाच यूयूआयडी आधीच वापरात आहे.

•

लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देणाऱ्या एलव्हीएमचा स्नॅपशॉट म्हणजे झेरॉक्स नव्हे. काढताना काहीच उतरवून घेतलं जात नाही. मूळ जागी नवं लिहायची वेळ आली की जुना ब्लॉक तेवढा बाजूच्या राखीव जागेत ठेवतात. ही जागा भरली की स्नॅपशॉट बाद.

•

एलव्हीएमला नुसते ब्लॉक दिसतात. त्यांतल्याच एकात फाइलसिस्टिमने स्वतःचा 128 बिटांचा ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, लिहिलेला असतो, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून स्नॅपशॉटमध्येही तोच क्रमांक येतो. एका नावाची दोन गावं असली तर तालुका लिहून भागतं. इथे पुढे लिहायला काहीच नाही, क्रमांक हीच पूर्ण ओळख.

•

उपाय: ‘नोयूयूआयडी’ पर्याय देऊन माउंट करायचं. स्नॅपशॉट कायम ठेवायचा असेल तर ‘एक्सएफएस_अॅडमिन’ने नवा क्रमांक द्यायचा, पण आधी एकदा माउंट करून सोडवायचा, म्हणजे लॉगमधलं अर्धवट काम पुरं होतं. नव्या पद्धतीच्या एक्सएफएसमध्ये मेटाडेटाच्या ब्लॉकांवरही क्रमांक कोरलेला असतो. ते सगळे पुन्हा लिहीत बसायला नको म्हणून फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा सुपरब्लॉक जुना क्रमांकही जपतो. हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. कुणीतरी नीट विचार केलाय.

•

एक्सएफएसवर चिडणारे बरेच भेटतात. मला तिचा नकार मोलाचा वाटतो. एक्स्ट४ ही दुसरी फाइलसिस्टिम जुळ्याला मुकाट्याने माउंट करते. एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय माउंट करायचं त्या यादीत, यूयूआयडी लिहिलेला असेल आणि डिस्कची हुबेहूब प्रत जोडलेली राहिली, तर मशीन सुरू होताना कोणती हाती लागेल याचा भरवसा नाही. दिवसभराच्या पट्ट्या भलत्याच डिस्कवर जातील आणि कुणाला कळणारही नाही.

बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचं आणखी नाजूक. ती आपल्या डिस्का क्रमांकावरूनच गोळा करते. ब्लॉक पातळीवरची प्रत मूळ डिस्कसोबत दिसू देऊ नका, असा इशारा दिला जातो. डेटा बिघडू शकतो. तिचे स्वतःचे स्नॅपशॉट मात्र एकाच फाइलसिस्टिमच्या आत राहतात, तिथे हा पेच नाही.

•

पट्टी सापडली. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं जागेवर. छापून दिली, स्नॅपशॉट सोडवून काढून टाकला. आता सर्व्हरच्या कपाटावर चिठ्ठी चिकटवलीय: जुळी डिस्क लावून मशीन रीस्टार्ट करू नये.