पेढीबाहेरचा हिशेब

दादा मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशीची त्यांची असह्य डोकेदुखी आम्ही पित्ताची समजलो होतो. चार वर्षांनी आईला तसाच त्रास झाला, तेव्हा मात्र विलंब केला नाही. तपासणीत मेंदूतील रक्तवाहिन्यांवर तीन फुगवटे आढळले. शल्यचिकित्सकांनी कवटी उघडून फुटलेल्या फुगवट्याच्या मुळाशी टायटॅनियमची क्लिप बसवली. शेजारचाही त्याच वेळी बंद केला. तिसरा विरुद्ध बाजूस होता. तो पुढे जांघेतील धमनीतून नलिका नेऊन प्लॅटिनमच्या तारेच्या वेटोळ्यांनी भरला. आई वाचली.

उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि आनुवंशिकता ही यातील जोखमीची प्रमुख कारणे. आनुवंशिकता बदलता येत नाही; म्हणून आम्ही उरलेल्या भावंडांनी तपासणी करून घेतली. मी सिगारेट सोडली. पेढीवर पै-पैचा हिशेब ठेवणारा मी आता रक्तदाबाचीही नोंद ठेवतो.