आजोबांचे चार डॉलर

फीचा दुसरा हप्ता भरायचा होता. घरी हा विषय निघाला की बाबा पेपरात तोंड खुपसतात. या वेळी मात्र आजी उठली, ट्रंकेतून एक पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या आजोबांचे डॉलर आहेत. अस्सल चांदी. मोड आणि फी भर."

आजोबा बोटीवर खलाशी होते. अमेरिकेच्या बंदरातून आणलेली चार नाणी आजी दर लक्ष्मीपूजनाला दुधाने धुऊन ताम्हणात ठेवते. होस्टेलवर येऊन नीट पाहिली तर डॉलर त्यात एकही नव्हता! तीन क्वार्टर (१९५१, १९६४, १९७२) आणि एक हाफ डॉलर, १९६७ चा. तरी आमच्या विंगमध्ये मी तासाभरात करोडपती झालो होतो. मेसची उधारी मागणारेही आले.

मित्रांनो, इथे सालालाच किंमत आहे. १९६४ पर्यंतच्या डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलरमध्ये ९० टक्के चांदी, बाकी तांबं. चांदी महागली, लोक नाणी दडवू लागले, म्हणून १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण काढली. आत तांबं, वरून तांबं-निकेलचा पत्रा. हे सँडविच का? तर तिथली नाणी टाकून चालणारी यंत्रं विजेच्या गुणधर्मावरून खरं-खोटं ओळखायची, आणि तांब्याच्या गाभ्यामुळे ती नव्या नाण्यालाही फसत. (आपल्या व्हायव्हातही असंच चालतं.) हाफ डॉलरमध्ये मात्र १९७० पर्यंत ४० टक्के चांदी राहिली.

१९७२ च्या क्वार्टरची कड पाहिली. तांब्याची लाल रेघ स्पष्ट दिसत होती. पोटात गोळा आला. तरी सरांना विचारून लॅबमधल्या काट्यावर आर्किमिडीजचा प्रयोग केला. १९६४ च्या नाण्याची घनता १०.३ आली, १९७२ च्याची ८.९. जर्नलमध्ये माझी रीडिंग इतकी बरोबर कधी आली नव्हती.

आता हिशेब. जुना क्वार्टर ६.२५ ग्रॅम, म्हणजे चांदी ५.६ ग्रॅम. अशी दोन नाणी. हाफ डॉलर ११.५ ग्रॅम, त्यात चांदी ४.६. चौथ्यात शून्य. एकूण १६ ग्रॅमच्या आत, दीड तोळाही नाही. त्यात फीचा हप्ता सोडा, एका महिन्याची मेसही निघाली नसती. सराफ म्हणाला, "परदेशी नाणं आहे, वितळवून टंच काढावा लागेल, घट धरणार." मी पुरचुंडी परत बांधली.

वाचताना एक गंमत सापडली. पहिल्या महायुद्धात आपल्याकडे लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले. इंग्रज सरकारकडे चांदी पुरेना. तेव्हा १९१८ च्या कायद्याने अमेरिकेने २७ कोटी डॉलरची नाणी वितळवली आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी विकली. आजोबांच्या कितीतरी आधी त्यांच्या नाण्यांची चांदी बोटीने इकडे आली होती तर!

हप्ता शेवटी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून भरला. आजीला खरं सांगायला मी दिवाळीपर्यंत वेळ काढला. तिने शांतपणे ऐकलं, मग चष्मा लावून चौथ्या नाण्याची कड पाहिली.

"हे शेवटच्या फेरीचं," ती म्हणाली.

"मग ताम्हणातून काढू का?"

"राहू दे. ते एकटंच कुठे बाहेर बसणार?"