पाठीचं माप

माझी पाठ १६ इंच लांब आहे, हे मला वयाच्या ४३ व्या वर्षी कळलं. त्याआधी वीस वर्षं मी सह्याद्रीत हिंडत होते आणि ती सगळी वर्षं पाठीवर भावाची जुनी सॅक होती. त्याची उंची सहा फूट, माझी पाच फूट एक इंच. सॅकचा कमरपट्टा माझ्या पोटावर यायचा, चढावर पाय उचलला की तिचं बूड मागून आपटायचं. रात्री खांद्यांवरच्या लाल वळांना खोबरेल लावताना वाटायचं, डोंगरात जायचं म्हणजे हे आलंच.

शेवटी ती सॅकच थकली. आतला पाणी अडवणारा लेप चिकट होऊन सुटायला लागला होता. पुण्याच्या दमट पावसाळ्यात सॅक ओली तशीच कपाटावर टाकली की हे होतं. नवी घ्यायची ठरली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, आधी पाठ मोजून घे. माप घ्यायला घरात आईइतकं योग्य कोण? तिनं आयुष्यभर गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवली.

"मान खाली घाल," ती म्हणाली. मानेच्या बुडाशी मणक्याचं एक टेंगूळ वर येतं. त्यावर तिनं टेपचं टोक धरलं. मी कमरेच्या दोन्ही हाडांच्या माथ्यावर हात ठेवले आणि अंगठे मागे वळवले. अंगठ्यांना जोडणारी रेघ कण्याला जिथे छेदते, तिथपर्यंत टेप. तिची थंड बोटं प्रत्येक मणक्यावरून सावकाश उतरत गेली. लहानपणी दिवाळीच्या झग्याचं माप घ्यायची, अगदी तशी. मग मापांची वही काढून तिनं माझ्या नावापुढे लिहिलं : पाठ १६.

म्हणजे साधारण ४१ सेंटिमीटर. उंचीवरून हा आकडा ओळखता येत नाही. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते आणि बुटक्याची लांब. सॅक लिटरवर विकली जाते, पण ती अंगाला बसते ती या आकड्यानं. कित्येक सॅक दोन-तीन मापांत मिळतात, काहींचे खांदेपट्टे वर-खाली सरकवता येतात. बायकांसाठीच्या सॅकची पाठ आखूड असते, खांदेपट्टे जवळ आणि वळणदार असतात. वीस वर्षांत यातलं काहीही विचारावंसं मला वाटलं नव्हतं, याचं आज वाईट वाटतं.

दुकानात आईही आली. दुकानदारानं सॅकमध्ये वजनाच्या पिशव्या भरल्या, म्हणाला, दहा मिनिटं चालून बघा, जिना चढा. मी सवयीनं आधी खांदेपट्टे ओढले. तो म्हणाला, उलटं करा. आधी सगळं सैल. कमरपट्टा हाडाच्या माथ्यावर बसवून आवळा, मग खांदे, शेवटी छातीचा पट्टा, श्वास अडणार नाही इतकाच. मी तसं केलं आणि खांद्यांवरून कुणीतरी हात काढून घ्यावा तसं झालं.

आई कौतुकानं बघत होती. म्हणाली, "अगं, ही तर कळशी. भरली कळशी कधी खांद्याला लटकवून आणलीय का कुणी? ती हाडावर बसवायची, मग पाय नेतात."

आजोळच्या विहिरीवरून तिनं लग्नाआधी रोज दोन खेपा केल्या होत्या. डोक्यावर चुंबळ आणि हंडा, कमरेवर कळशी. खांदा स्नायूंवर तोललेला असतो, लवकर दमतो. कमरेचं हाड वजन सरळ पायांकडे पोचवतं. मात्र हे व्हायला पट्ट्याला गादी हवी आणि सॅकच्या पाठीत थोडा ताठपणा हवा. लहान सॅकना नुसती फीत असते. ती सॅक हलू देत नाही, वजन मात्र उचलत नाही. पाच किलोंच्या आत चालून जातं, पण एप्रिलमध्ये सह्याद्रीत तीन लिटर पाणी लागतं, म्हणजे तीन किलो तिथेच झाले.

मी २५ लिटरची घेतली. पाणी, पोळी-भाजीचा डबा, गूळ-शेंगदाणे, टॉर्च, औषधं, पावसाळी जॅकेट, कोरडा सदरा. एका दिवसाला आणखी काय हवं? चाळीसची घेतली असती तर उरलेली जागा मी भरलीच असती. रिकामी जागा दिसली की मनातल्या सगळ्या भीती एकेक करून आत येऊन बसतात.

पाठीला ताणलेली जाळी असलेली सॅकही दाखवली त्यानं. हवा छान खेळते, पण वजन पाठीपासून दूर जातं आणि कातळटप्प्यावर ते मागे ओढतं. जड वस्तू पाठीला जितकी चिकटून तितकी चांगली. पाण्याच्या पिशवीचा कप्पा पाठीलगत असतो तो त्यासाठीच. मी जाळी सोडली. घाम आला तर येऊ दे.

कापडावर २१० डेनियर लिहिलं होतं. मला हा शब्द फार आवडला. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. नऊ किलोमीटर लांब धागा आणि भार जेमतेम पाव किलोच्या आत! आईनं कापड चिमटीत धरून चोळलं, उलटं करून शिवण पाहिली. खांदेपट्टा जिथे जोडला जातो तिथली दुहेरी टीप नखानं दाबून बघितली आणि मान डोलावली. माझा निर्णय खरं तर तिथे झाला.

पहिल्या पावसात मी गुंजवण्यातून राजगडावर गेले. पावसाळी खोळ होती, तरी सामान आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं होतं. खोळीवर विसंबू नये. पाणी मानेवरून पाठीत उतरतं आणि नेमकं तिथे खोळ नसते. शेवटच्या उभ्या चढावर कठड्याला धरून चढताना कंबर सॅकला धरून होती, दोघी बरोबर वळत होतो. चोर दरवाजात वाकून शिरावं लागतं. जुन्या सॅकच्या कडेची बाटली इथेच निसटून खाली गेली होती. या वेळी बाहेर काहीच लोंबत नव्हतं. मी आत शिरले आणि पद्मावती तलावापाशी उभी राहिले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसता थेंबांचा आवाज येत होता. छातीच्या पट्ट्याच्या बकलात एक शिट्टी असते. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा, ही डोंगरातली मदतीची हाक. धुक्यात हाताला ती शिट्टी लागली आणि धीर आला. वाजवायची वेळ आली नाही.

रात्री घरी आले तर आई जागी होती. काही न बोलता तिनं माझ्या सदऱ्याची कॉलर बाजूला केली, दोन्ही खांद्यांवरून बोट फिरवलं. वळ नव्हते. मग तिनं वही काढली. पोलकं घालून बघितल्यावर गिऱ्हाईक खूश झालं की ती मापापुढे एक शब्द लिहायची. १६ च्या पुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलं : बरोबर.