सेल्डनचा प्लॅन आणि फ्रोडोची जखम

कॉलेजात असताना माझं मत एकदम ठाम होतं: विज्ञानकथा म्हणजे डोक्याचं काम आणि फँटसी म्हणजे मोठ्यांचा चांदोबा! असिमॉवचं १९५१ सालचं 'फाउंडेशन' म्हणजे तर पोथीच. हारी सेल्डन नावाचा गणिती आकाशगंगेतल्या साम्राज्याचा शेवट आधीच मांडून दाखवतो आणि त्यानंतरचा ३०,००० वर्षांचा अंधार १,००० वर्षांवर आणायचा प्लॅन करतो. इंजिनियर माणसाला अजून काय पाहिजे? पात्रं पुठ्ठ्याची आहेत, मान्य. पण आयडिया बघा ना राव!

टोल्कीनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मात्र दोनदा अर्धवट सोडलं. सारखी गाणी, सारखी झाडं.

दीड वर्षापूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. मी काय केलं असेल? एक्सेल शीट! कोणत्या आठवड्यात बोटं हलणार, कोणत्या महिन्यात जिना चढणार. टक्केवारी विचारून डॉक्टरांना भंडावलं. चौथ्या महिन्यात शीटचा आणि बाबांचा काही संबंध उरला नाही. चिडचिड माझी व्हायची आणि निघायची बाबांवर. हे लिहितानाही लाज वाटते.

फिजिओथेरपीच्या बाहेरच्या बाकावर टोल्कीन तिसऱ्यांदा हातात घेतला. (ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद गाळा.) फ्रोडो अंगठी ज्वालामुखीपर्यंत नेतो, पण शेवटच्या क्षणी त्याच्याने ती टाकवत नाही. काम होतं ते गॉलममुळे, ज्याला आधी दया येऊन जिवंत सोडलेलं असतं. फ्रोडो घरी परततो, पण जुनी जखम दरवर्षी त्याच तारखेला ठणकते. तो पूर्ण बरा होतच नाही. आणि त्यात त्याची काही चूक नसते.

मग 'फाउंडेशन' पुन्हा काढलं. सेल्डनचं गणित अफाट लोकसंख्येलाच लागू पडतं, एकट्या माणसाला नाही, हे असिमॉवने स्वच्छ सांगितलंय. ही अट मी कितीदा वाचली असेल, पण कधी मनावर घेतली नव्हती.

आता दोघंही एकाच फळीवर आहेत. टोल्कीनची गाणी मी अजूनही गाळतो, ते सोडा.

शीट डिलीट केली. संध्याकाळी बाबांना नारळीकरांचं 'वामन परत न आला' वाचून दाखवतो. शाळेत असताना त्यांनीच आणून दिलेली प्रत. काल घाईत एक पान जास्तच उलटलं गेलं. बाबांनी डाव्या हाताने ते परत मागे केलं. :)